‘काम संपलं की फोन करीन’ : इथे फ्युत्यूर आँतेरियर का लागतो?

बर्डी_बीवन
नमस्कार. नागपुरात राहून फ्रेंचच्या बी-वन (मध्यम पातळीच्या) परीक्षेची तयारी करून राहिलो आहे. साधा भविष्यकाळ (फ्युत्यूर सँप्ल) आणि पासे कोंपोझे (पुऱ्या झालेल्या क्रियेचा भूतकाळ) दोन्ही येतात. फ्युत्यूर आँतेरियरचा (भविष्यात एक क्रिया दुसरीच्या आधी पुरी झालेली असेल, हे सांगणाऱ्या काळाचा) तक्ता पुस्तकात आहे, पण वाक्य करायला घेतलं की तीन ठिकाणी अडतं.

एक, ‘काम संपलं की तुला फोन करीन’ यातलं ‘संपलं’ मराठीत भूतकाळी आहे, मग तिथे पासे कोंपोझे का चालत नाही? दोन, सहायक क्रियापद आव्वार (जवळ असणे) घ्यायचं की एत्र (असणे), हे बोलता बोलता कसं ठरवायचं? तीन, कृदंताच्या (‘संपलेलं’, ‘लिहिलेलं’ अशा रूपाच्या) शेवटी जादा ‘ई’ किंवा ‘एस’ नेमका कधी लागतो?

स्पेलिंग पुस्तकात आहेतच, उच्चार देवनागरीत लिहिलेत तरी चालेल.

कृदंत
पासे कोंपोझे पक्का असेल तर नवीन पाठ करण्यासारखं फार थोडं आहे. कृदंत तेच राहतं, फक्त सहायक क्रियापद वर्तमानातून उचलून साध्या भविष्यात ठेवायचं. ‘झे फिनी’चं (मी संपवलं) ‘झोरे फिनी’, ‘झ स्वी पार्ती’चं (मी गेलो) ‘झ सरे पार्ती’.

आव्वारची रूपं : झोरे, त्यू ओरा, इल ओरा, नू-झोरों, वू-झोरे, इल-झोरों.
एत्रची रूपं : झ सरे, त्यू सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों.

‘नू’, ‘वू’ आणि अनेकवचनी ‘इल’ यांच्यापुढे आव्वार आलं की मधला ‘झ’ ऐकू आलाच पाहिजे. एत्रच्या रूपांपुढे तो येत नाही. ‘इल-झोरों’ आणि ‘इल सरों’ कानाला वेगळे लागतात ते यामुळेच. सावॉर (माहीत असणे) या क्रियापदाचं ‘झ सोरे’ या दोघांत मिसळू देऊ नका.

कृदंतं नियमित असतात तोवर प्रश्न नाही : माँझे (खाणे), फिनी (संपवणे), वाँद्यू (विकणे). अनियमितांपैकी आधी ही घोटा : फे (करणे), प्री (घेणे), मी (ठेवणे), एक्री (लिहिणे), ऊवेर (उघडणे), ल्यू (वाचणे), व्यू (पाहणे), ब्यू (पिणे). आव्वारचं स्वतःचं कृदंत नुसतं ‘यू’ आणि एत्रचं ‘एते’. दोन्ही आव्वारच घेतात : झोरे यू, झोरे एते. ‘झ सरे एते’ असं रूप फ्रेंचमध्ये नाही.

आता ‘संपलं की’. मराठी इथे काळ बघत नाही, काम पुरं झालं की नाही एवढंच बघते. म्हणून उद्याच्या कामालाही आपण बिनदिक्कत ‘संपलं’ म्हणतो. फ्रेंच दोन्ही बघते. फोन उद्या होणार म्हणजे काम संपणंही उद्याच, ते भविष्यातच हवं, आणि फोनच्या आधी पुरं झालेलं हवं. दोन्ही अटी हा एकच काळ भागवतो :

काँ झोरे फिनी मों त्रावाय, झ तापेलरे.

मुख्य वाक्यात साधा भविष्यकाळ, ‘काँ’च्या (जेव्हा) वाक्यात फ्युत्यूर आँतेरियर. लोर्स्क (जेव्हा), दे क आणि ओसितो क (होताच), यून फ्वा क (एकदा का), आप्रे क (झाल्यानंतर) या सगळ्यांना हाच नियम. ‘आप्रे क’च्या मागे पुष्कळ जण सब्जाँक्तिफ (इच्छा, शंका वगैरेंसाठीचं क्रियापदाचं रूप) लावतात, व्याकरणाला तो मान्य नाही : आप्रे किल सरा पार्ती (तो गेल्यानंतर). सब्जाँक्तिफ ‘आवाँ क’च्या (होण्याआधी) मागे येतो.

दोन गोष्टी एकाच वेळी घडणार असतील तर मात्र दोन्हीकडे साधा भविष्यकाळ पुरतो. ‘तू नागपूरला येशील तेव्हा मी स्टेशनवर असेन’ : काँ त्यू आरिवरा आ नागपूर, झ सरे आ ला गार. इथे आधी-नंतर नाहीच. हा भेद कळला की अर्धं काम झालं, आणि इंग्रजीवरून फ्रेंच शिकणाऱ्यांचीही गाडी नेमकी इथेच अडते.

दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर सोपी वाटही आहे : आप्रे आव्वार फिनी, झ तापेलरे (संपवल्यावर तुला फोन करीन). लेखी परीक्षेत दोन्ही रचना येऊ द्या.

धरमपेठ_फ्रँसे
दुसऱ्या प्रश्नासाठी मराठी कान कामाला लावता येतो. वाक्य ‘असेल’ लावून मराठीत म्हणा. कर्त्याला ‘ने’ लागला तर बहुधा आव्वार : तिने चिठ्ठी लिहिली असेल, एल ओरा एक्री ला लेत्र. ‘ने’ लागला नाही आणि क्रियापद जाण्यायेण्याचं असेल तर एत्र : ती गेली असेल, एल सरा पार्ती.

याचा खरा फायदा दोन्हीकडे चालणाऱ्या क्रियापदांत दिसतो. मोंते (चढणे), देसाँद्र (उतरणे), सोर्तीर (बाहेर जाणे), राँत्रे (घरी परतणे), रतुर्ने (पुन्हा जाणे), पासे (जवळून जाणे) ही सहा. ‘ती वर गेली असेल’ म्हणजे एल सरा मोंते, पण ‘तिने बॅगा वर नेल्या असतील’ म्हणजे एल ओरा मोंते ले वालीझ. कर्म आलं की आव्वार, आणि मराठीतही नेमका तिथेच ‘ने’ येतो.

कृदंत
@धरमपेठ_फ्रँसे, सहा क्रियापदांपुरती ही युक्ती फार चांगली आहे, पण तिला नियम समजू नये. ‘ती झोपली असेल’, ‘ती धावली असेल’, ‘ती हसली असेल’ यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये तिन्ही आव्वार घेतात : एल ओरा दोर्मी, एल ओरा कुर्यू, एल ओरा री. उलट बाजूही आहे. ‘तिने हात धुतले असतील’ यात ‘ने’ आहे, पण फ्रेंच क्रियापद स्वतःवर उलटणारं, म्हणून एत्र : एल स सरा लावे ले मँ.

तेव्हा एत्रची यादी पाठच करावी लागते : आले (जाणे), वनीर (येणे), आरिवे (पोहोचणे), पार्तीर (निघणे), आँत्रे (आत येणे), नेत्र (जन्मणे), मुरीर (मरणे), रेस्ते (राहणे), तोंबे (पडणे), वरची सहा, शिवाय दवनीर (होणे), रवनीर (परत येणे) यांसारखे वनीरचे भाऊबंद. आणि ‘स’ (स्वतःला, एकमेकांना) लागणारी सगळी.

जादा ‘ई’-‘एस’चं असं आहे :

एत्र असेल तर कृदंत कर्त्याप्रमाणे. स्त्री असेल तर ‘ई’, अनेकवचन असेल तर ‘एस’. पार्तीत उच्चार बदलत नाही, म्हणून लिहिताना हटकून राहतं.

आव्वार असेल तर कर्त्याकडे बघायचंच नाही. थेट कर्म कृदंताच्या आधी आलं असेल तरच त्याच्याशी जुळवायचं. झोरे एक्री ला लेत्र, इथे कर्म नंतर, काही जुळवायचं नाही. ला लेत्र क झोरे एक्रीत, इथे कर्म आधी, म्हणून ‘ई’, आणि तो चक्क ऐकू येतो. प्रीझ, मीझ, फेत, ऊवेर्त हीही तशीच. तोंडी परीक्षेत ही पाच राहिली तर लगेच कळतं, वरच्या यादीतली बाकीची ऐकणाऱ्याला कळत नाहीत.

‘स’वाल्यांत ‘स’ स्वतः थेट कर्म आहे का ते बघा. एल स सरा लवे (ती उठली असेल), इथे ‘ई’ लागतो. एल स सरा लावे ले मँ, इथे थेट कर्म ‘हात’ आणि तेही नंतर, म्हणून ‘ई’ नाही. एकमेकींशी बोलणं, एल स सरों पार्ले, इथे कोणा‘शी’ बोलणं असल्याने काहीच नाही.

बर्डी_बीवन
धन्यवाद, ‘संपलं की’ एकदम स्पष्ट झालं. आणखी दोन शंका. ऐकताना ‘झोरे’ हे फ्युत्यूर आँतेरियरचं की कोंदिस्योनेल पासेचं (‘संपवलं असतं’ अशा अर्थाच्या रूपाचं), हे कसं ओळखायचं? आणि ‘तो गेला असेल’ असं आपण नुसत्या अंदाजाने म्हणतो, ते फ्रेंचमध्ये चालतं का?

मेट्रोतला_वाचक
‘झ’च्या रूपात कान दगा देतो, बरेच फ्रेंच लोकही तिथे फरक करत नाहीत. मनात ‘इल’ घालून बघा : इल ओरा फिनी म्हणजे भविष्य, इल ओरे फिनी म्हणजे कोंदिस्योनेल. ‘नू’ घातलं तर ओरों आणि ओरियों. जे अर्थाला बसेल तेच स्पेलिंग लिहायचं. भविष्यात ‘एआय’वर संपतं, दुसऱ्यात पुढे ‘एस’ येतो.

अंदाजाचं बरोब्बर चालतं, आणि मराठी माणसाला ते आयतं मिळतं. विदर्भ एक्सप्रेसने निघणारा पाहुणा मुंबईला उतरलाच नाही, तर : इल ओरा राते सों त्रँ, त्याची गाडी चुकली असेल. हा वापर मुख्यतः तृतीय पुरुषात दिसतो आणि थोडा लेखी थाटाचा आहे. बोलताना ‘इल आ द्यू राते सों त्रँ’ जास्त ऐकाल.

‘सी’कडे (जर) लक्ष ठेवा. अटीच्या ‘जर’नंतर भविष्यकाळ नाही, साधाही नाही आणि हाही नाही : सी त्यू आ फिनी आ मिदी, ओं सोर्तिरा (दुपारी बाराला तुझं झालं असेल तर बाहेर जाऊ). मराठीत इथेही ‘झालं असेल तर’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘ओरा’कडे जातो. ‘की नाही’ अशा अर्थाच्या ‘सी’ला ही बंदी नाही : झ न से पा सिल ओरा फिनी (त्याचं संपलेलं असेल की नाही, माहीत नाही).

मुदत सांगायला ‘दीसी’ : दीसी लँदी, झोरे फिनी, सोमवारपर्यंत संपवलेलं असेल. नकारात न-पा सहायकाभोवती बसतात, कृदंत बाहेर राहतं : झ नोरे पा आँकोर फिनी (माझं अजून संपलेलं नसेल). सर्वनाम असलं तरी तेच : झ न लोरे पा फिनी (मी ते संपवलेलं नसेल). देझा (आधीच) सहायक आणि कृदंत यांच्या मध्ये : झोरे देझा माँझे.

कृदंत
सरावाला ही चार घ्या आणि उत्तरं इथेच टाका, तपासून देतो :
मेट्रो बर्डीला पोहोचली की मी तुला मेसेज करीन.
त्या दोघी दिवाळीपर्यंत परत आलेल्या असतील.
तू वाचलेली चिठ्ठी मला देशील (तेव्हा तुझं वाचून झालेलं असेल).
पाऊस थांबला असेल तर फुटाळ्याला जाऊ.

चौथ्यात हा काळ येत नाही. तिसऱ्यात ‘ला लेत्र क त्यू ओरा...’ असं सुरू करा आणि कृदंताचं शेवटचं अक्षर नीट बघा. दुसऱ्यात रवनीर घ्या, शेवटी ‘ई’ आणि ‘एस’ दोन्ही.