गर्भाशयातील गाठी आणि रोजचे जगणे : नागपूरकर महिलांचे अनुभव

सोनोग्राफीच्या अहवालात गाठींची संख्या आणि लांबी-रुंदी लिहिलेली असते. त्यांच्यापायी महिन्यातले किती दिवस वाया गेले, याची नोंद मात्र कोठेच नसते. ती व्हावी म्हणून हा धागा काढला आहे. जे घडले ते तसेच लिहावे, नाव देण्याची गरज नाही.

महाल, शिक्षिका, वय 43

माझी गाठ अवघी 2 सेंटीमीटरची होती, आणि 'एवढ्याशा गाठीने काही होत नसते' हे एका डॉक्टरांचे म्हणणे प्रमाण मानून मी दीड वर्ष दुखणे अंगावर काढले. पाळी नऊ-दहा दिवस चाले, पहिले तीन दिवस तासातासाला पॅड बदलावे लागे आणि गुठळ्या पडत. एकदा तास संपवून उठले, तर खुर्चीच्या वेतावर डाग दिसला. शेवटची मुलगी वर्गाबाहेर जाईपर्यंत मी खुर्चीला पाठ लावून उभी राहिले आणि मग ओल्या डस्टरने तो पुसला. फिक्या रंगाच्या साड्या त्या दिवसापासून कपाटातच आहेत. पुढे एप्रिलच्या उन्हातून घरी आल्यावर जिन्यात मध्येच बसावे लागले, तेव्हा रक्त तपासले, हिमोग्लोबिन 6.8 निघाले. (स्त्रियांमध्ये ते 12 च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात.) दुसऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की गाठ केवढी आहे याहून ती कोठे आहे हे पाहावे लागते: गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी लहान गाठही पुष्कळ रक्तस्राव घडवते, तर बाहेरच्या अंगाने वाढलेली मोठी गाठ कित्येकदा पाळीत काहीच बदल करत नाही. माझी गाठ पोट न उघडता, दुर्बिणीने खालून काढली.

खापरी, बँकेत नोकरी, वय 36

बाहेरच्या अंगाने वाढलेल्या मोठ्या गाठीविषयीचे वरचे वाक्य मला तंतोतंत लागू पडते. पाळी नियमित आहे. परंतु 9 सेंटीमीटरची गाठ मूत्राशयावर दाबत असल्याने मेट्रोत बसण्यापूर्वी आणि सीताबर्डीला उतरताच मला आधी प्रसाधनगृह गाठावे लागते. त्या धास्तीने भर मे महिन्यात पाणी पिणे कमी केले आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने आजारी पडले. पोट चौथ्या महिन्यासारखे दिसते. चार वर्षे मूल व्हावे म्हणून उपचार घेत असताना हळदीकुंकवात 'काही विशेष का?' असे विचारले गेले. त्यानंतर मी संक्रांतीच्या वाणाला कोणाकडे गेलेले नाही.

इतवारी, वय 49

सलग दोन वर्षे महालक्ष्म्यांच्या दिवसांत अंगावरून रक्त जात राहिल्याने मला घरच्या पूजेला हात लावता आला नाही. अखेर पिशवी काढली, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. तथापि गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, केवळ गाठी काढण्याची शस्त्रक्रिया किंवा गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार, यांविषयी मला आधी कोणी एका शब्दानेही सांगितले नव्हते, याचा राग अजून आहे. या गाठींमध्ये कर्करोग निघणे अत्यंत विरळ असते, हेही मला नंतरच कळले. निर्णय मी भीतीपोटी घेतला होता.

हिंगणा, वय 41

परवा शिरेतून लोह दिले आहे. जिना चढताना लागणारी धाप किती दिवसांनी कमी होते?

महाल, शिक्षिका

मला तिसऱ्या आठवड्यात फरक जाणवला. तोवर पाण्याची बादली स्वतः उचलू नका.