मेटामॉडर्निझम: आजच्या काळाचं वर्णन की नुसतं लेबल?

'मेटामॉडर्न' हा शब्द हल्ली कशालाही चिकटवला जातो. आपल्या काळाचं, विशेषतः सत्याशी असलेल्या त्याच्या नात्याचं वर्णन त्याने होतं का?

– मला तरी होतं असं वाटतं. १९७५मध्ये साहित्याचे अभ्यासक मसूद झवारझादेह यांनी तो वापरला होता, पण आजच्या अर्थाने रुळला व्हर्म्यूलन आणि व्हान डेन आकर या संस्कृती-अभ्यासकांच्या २०१०च्या निबंधामुळे. आधुनिकतेचा, म्हणजे प्रगतीवर विश्वास ठेवण्याचा, उत्साह आणि उत्तराधुनिकतेचा, म्हणजे अशा सगळ्या विश्वासांवर शंका घेण्याचा, उपरोध यांच्यात कलेतली आणि एकूणच आपली संवेदना सतत हेलकावे खाते, असं ते म्हणतात. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने १९७९मध्ये महाकथनांवरच्या, म्हणजे प्रगतीसारख्या सगळं समजावून सांगणाऱ्या मोठ्या कथांवरच्या, अविश्वासाची गोष्ट मांडली. आता त्या अविश्वासाचाच कंटाळा आलाय. सगळं ठाऊक असूनही लोकांना कशावर तरी विश्वास ठेवावासा वाटतो.

– कलेपुरतं मान्य. सत्याच्या बाबतीत मात्र या हेलकाव्यांची फार सोय होते हो! कोणी लिहितं, 'चंद्रावर माणूस उतरलाच नाही.' पुरावा मागितला की 'अहो, गंमत केली.' वाहवा झाली की 'मी कधीचा सांगतोय!' हाही मेटामॉडर्नच म्हणायचा का?

– छे, तो नुसता लबाड. हेलकाव्याला दोन्हीकडून ओढ लागते, याला कुठलीच नाही. 'पोस्ट-ट्रुथ', म्हणजे वस्तुस्थितीपेक्षा भावनेला वजन येणं, हा २०१६चा ऑक्सफर्ड शब्दकोशाचा वर्षशब्द झाला तो अशांमुळे. उलट मेटामॉडर्निझमवरच्या २०२१च्या पुस्तकात अभ्यासक जेसन स्टॉर्म संशयावरच संशय घ्यायला सांगतात: ज्ञान नम्र असावं, पण ते ज्ञान असावं.

– इथेच माझी अडचण आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे हवामान अहवाल बघा. त्यात 'संभाव्य' म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता, 'अतिसंभाव्य' म्हणजे किमान ९०. खात्री किती ते सांगायचं आणि तरीही ठाम बोलायचं. हे करणाऱ्यांना मेटामॉडर्निझमची गरज कधी पडली? आपलं ज्ञान चुकू शकतं हे धरूनच शोध घ्यायचा, असं अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स एकोणिसाव्या शतकातच सांगून गेला. म्हणजे सत्याच्या बाबतीत नवीन काहीच नाही. नवीन आहे ती मनःस्थिती, आणि तीही मुख्यतः ज्यांची उत्तराधुनिक सिद्धान्तांवर जन्मभर उठबस झाली त्यांची. संशोधक, न्यायाधीश, लेखापरीक्षक यांनी सत्य कधी सोडलंच नव्हतं. त्यांच्या सत्याकडे 'परत येण्याचा' प्रश्न कुठे येतो?