जळगावात नोकरी करून इंडस्ट्रियलचं मास्टर्स: ऑनलाइन की कॅम्पस?

पाळी_तिसरी

राम राम मंडळी. बी.ई. मेकॅनिकल, नोकरी जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एक्सट्रूजन लाइनवर (वितळलेलं प्लास्टिक साच्यातून ढकलून पाइप काढतात ती), अनुभव ३ वर्षं, पाळ्या फिरत्या, हातात महिना ३०,०००. इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगमध्ये मास्टर्स करायचंय. तीन वाटा दिसताहेत: गेट (एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा) देऊन नागपूर-मुंबईकडे पूर्णवेळ एम.टेक., नोकरी करत इथलाच एखादा ऑनलाइन कोर्स, नाहीतर अमेरिकन विद्यापीठाची ऑनलाइन पदवी. पुढेमागे इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचं दार बंद व्हायला नको. निवड कशावर करावी?

स्टॉपवॉच

शिकवायचं म्हणताय, मग निम्मा निकाल तिथेच लागला. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत इंजिनीअरिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनीअरिंग पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ च्या विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं, त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. फी भरून, पास होऊन, नोकरीला लागून मग ही वेळ आली होती.

म्हणून प्रवेशाआधी ई-मेलवर लेखी विचारा: पदवीपत्रावर नेमकं नाव काय छापणार, शिक्षणपद्धतीचा उल्लेख काय असणार, आणि कार्यक्रम कोणाच्या मंजुरीने चालतो. फोनवरचा समुपदेशक ‘सगळं व्हॅलिड आहे सर’ म्हणतो, त्याला काडीची किंमत नाही. आयआयटी कानपूरचे ई-मास्टर्स हे ऑनलाइन कोर्स नावाने आणि स्वरूपाने एम.टेक. नव्हेत. कंपनीत बढतीला चालतील, पण कॉलेजच्या जाहिरातीत ‘एम.ई./एम.टेक.’ लिहिलं असेल तर छाननीतच अडाल. परदेशी ऑनलाइन पदवीलाही इथे समकक्षता मिळते का, हे फी भरण्याआधी बघा.

विहार_तलाव

वरच्याशी सहमत, पण ऑनलाइन-कॅम्पसच्या आधी अभ्यासक्रमाची यादी उघडा. ‘इंडस्ट्रियल’ या पाटीखाली दोन वेगळे माल मिळतात. एक गणिताचा: ऑपरेशन्स रिसर्च (गणिताने सर्वोत्तम निर्णय काढणं), संभाव्यता, रांगांचा सिद्धांत, सिम्युलेशन. आयआयटी बॉम्बेचं आयईओआर (इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च) या बाजूचं, नावातच ते आहे. दुसरा कारखान्याच्या व्यवस्थापनाचा: कार्यअभ्यास, गुणवत्ता, नियोजन. व्हीएनआयटी नागपूरचं इंडस्ट्रियलचं एम.टेक. मेकॅनिकल विभागात चालतं. खरगपूरला इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स हा स्वतंत्र विभाग आहे. ‘निटी’ अजून पुष्कळांच्या यादीत असते. १९६३ ची ती संस्था २०२३ पासून आयआयएम मुंबई आहे आणि तिथे कॅट देऊन एमबीए होतं. तुमच्या कामाचं नाही.

कोर्स पोकळ आहे का, ते ओळखायला एक गणित पुरतं. केळीची पेटी भरायला सरासरी ८० सेकंद लागतात, प्रमाण विचलन १२ सेकंद. ९५ टक्के खात्रीने ५ टक्क्यांच्या आत वेळ हवा, तर किती फेऱ्या मोजायच्या? ८० चे ५ टक्के म्हणजे ४, आणि ९५ टक्के खात्रीचा गुणांक १.९६. १.९६ गुणिले १२, भागिले ४, येतात ५.८८. त्याचा वर्ग ३४.६, म्हणजे ३५ फेऱ्या. ‘दहा वेळा मोजा, सरासरी काढा’ एवढ्यावर भागवणारा कोर्स घेऊ नका. केस स्टडी आणि स्लाइड्स यांचीच रेलचेल दिसली तरी तेच.

सॉफ्टवेअरचंही विचारा. एक्सेलचा सॉल्व्हर २०० निर्णय-चलांवर (ज्यांची किंमत ठरवायची त्या राशी) थांबतो. अरीना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी आवृत्तीत एका वेळी १५० च एंटिटी (मॉडेलमधून फिरणाऱ्या वस्तू, जशा पेट्या) चालतात. अख्ख्या पॅकहाउसचं मॉडेल केलं की ती अर्ध्यातच अडकते. कॅम्पसच्या लॅबमध्ये बहुधा पूर्ण परवाना असतो. ऑनलाइनवाल्यांनी तो घरच्या मशीनवर मिळेल का, हे विचारायचं. नाहीतर पायथनमधलं सिमपाय फुकट आहे, फक्त कोड लिहायची तयारी हवी.

भुसावळ_डाउन

पैशांचा हिशेब करा भाऊ. गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० विद्यावेतन, त्याबदल्यात आठवड्याला ८ तास विभागाचं काम. २४ महिन्यांचे २,९७,६०० होतात. बुडणारा पगार ७,२०,०००. फरक ४,२२,४००, वर फी आणि मेस. राज्याच्या कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) गेटशिवायही प्रवेश मिळतो, पण त्यावर विद्यावेतन नाही.

ऑनलाइनमध्ये पगार चालू राहतो, तास जातात. ३ क्रेडिटच्या विषयाला आठवड्याला साधारण ९ तास धरा. दोन विषय म्हणजे १८. फिरत्या पाळीत थेट तासिका असलेला कोर्स दुसऱ्याच महिन्यात सुटतो. सगळी लेक्चरं रेकॉर्डेड आहेत का, आणि हजेरीचे गुण किती, हे बघा. पहिल्या सत्राला एकच विषय घ्या.

अमेरिकेचं म्हणाल तर जॉर्जिया टेकची २०१७ ची ऑनलाइन अॅनॅलिटिक्स मास्टर्स १०,००० डॉलरच्या आत म्हणून गाजली. ३६ क्रेडिट, पण ती अॅनॅलिटिक्सची पदवी, इंडस्ट्रियलची नव्हे. ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, म्हणजे नंतर तिथे काम करायची सवलतही नाही. अमेरिकेत जायचंच असेल तर कॅम्पसच.

पाळी_तिसरी

धन्यवाद. आता कॅम्पसकडे झुकतोय. गेटला पेपर एमई (मेकॅनिकल) घ्यावा की पीआय (प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल)? आणि प्रोजेक्ट आपल्याच प्लांटवर केला तर चालेल का?

विहार_तलाव

ज्या संस्थांना अर्ज करणार, त्यांच्या माहितीपत्रकात कोणते पेपर चालतात ते आधी बघा आणि मग ठरवा. पीआयच्या अभ्यासक्रमात गुणवत्ता, इंडस्ट्रियल आणि ऑपरेशन्स रिसर्च यांना स्वतंत्र विभाग आहेत, त्यामुळे पुढचा पायाही होतो. दोन पेपर देता येतात, पण ठरवून दिलेल्या जोड्यांमध्येच. स्कोअर ३ वर्षं चालतो, म्हणून यंदा नोकरीत राहूनच परीक्षा द्या. ऑपरेशन्स रिसर्च झेपतं का ते बघायला एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) १२ आठवड्यांचा कोर्स घ्या. परीक्षा केंद्रावर होते, शुल्क थोडं.

स्टॉपवॉच

प्रोजेक्ट प्लांटवर जरूर करा, पण परवानगी राजीनामा देण्याआधी लेखी घ्या. एक्सट्रूजनवर उत्तम विषय म्हणजे डाय (पाइपचा साचा) बदलण्याचा वेळ: जुन्या मापाचा शेवटचा चांगला पाइप ते नव्या मापाचा पहिला चांगला पाइप. बहुतेकजण घड्याळ डाय बसली की थांबवतात. तापमान स्थिर होईपर्यंत आणि जाडी मापात येईपर्यंत निघणारा भंगार माल मग हिशेबाबाहेर राहतो, आणि बचत कागदावर फुगते. आकडे बाहेर जाऊ द्यायला कंपनी कचरली तर आजचा वेळ १०० धरून बाकी सगळं त्या प्रमाणात मांडा. बहुतेक गाइडना ते चालतं.

भुसावळ_डाउन

तरी ऑनलाइनच घेतलंत, तर घरून देखरेखीखालची परीक्षा असते हे विसरू नका. मे महिन्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडला की सत्र तुटतं. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि नेट मध्येच तुटलं तर पुन्हा आत येता येतं का, ते परीक्षेच्या नियमांत आधी वाचून ठेवा.