कुलपती म्हणजे नक्की कोण? आणि ‘टीचिंग युनिव्हर्सिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न, वडोदऱ्याहून

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय, खरं तर चार-पाच शब्दांवर. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी इथल्या एमएस म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीचा कारभार कसा बदलत गेला यावर लेख लिहितेय. बाबा तिथंच शिकवायचे त्यामुळे जेवताना या गोष्टी ऐकतच मोठी झाले, पण ऐकल्या त्या व्हीसी (व्हाइस चॅन्सलर), सिनेट (विद्यापीठाची मोठी सभा), सिंडिकेट (रोजचे निर्णय घेणारी छोटी समिती), डीन अशाच, मराठी शब्दाची कधी गरजच पडली नाही. आता लिहायला बसले तर पहिल्याच पानावर घोळ. मी लिहिलं ‘कुलपतींनी नेमणूक केली’. पुण्याची मावशी म्हणाली, म्हणजे चॅन्सलरनी. शेजारच्या गुजराती काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, म्हणजे व्हीसींनी. आणि दोघांचंही बरोबर आहे! मराठीत कुलगुरू म्हणजे व्हाइस चॅन्सलर, विद्यापीठ प्रत्यक्ष चालवणारे, आणि कुलपती म्हणजे चॅन्सलर, त्यांच्या वरचे मानाचे प्रमुख. गुजरातीत कुलपति म्हणजे व्हाइस चॅन्सलर आणि त्यांच्या वरचे ते कुलाधिपति. इथला मराठी माणूस दोन्ही भाषांतलं वाचतो, त्याने काय समजायचं?

दुसरा शब्द टीचिंग युनिव्हर्सिटी, म्हणजे नुसत्या परीक्षा न घेता स्वतः शिकवणारी. ‘अध्यापन विद्यापीठ’ लिहिलं तर डीएडचं कॉलेज वाटतं, अध्यापक विद्यालय असतं ना तसं. ‘शिक्षण विद्यापीठ’ म्हटलं तर बीएडवाले आठवतात. मग काय?

इंदूरहून

ताई, आमच्याकडे तर सरकारनेच शब्द बदलला. मध्य प्रदेशात २०२४ मध्ये कुलपति हे नाव काढून कुलगुरु केलं. आमचे आजोबा पहिल्यापासून कुलगुरूच म्हणायचे आणि माझे हिंदीवाले मित्र विचारायचे कोणाच्या कुळाचे गुरु, आता तेच मित्र सरळ कुलगुरु म्हणतात. वरचे कुलाधिपति म्हणजे राज्यपाल, ते नाव तसंच आहे. त्यामुळे आमच्या हिंदीत आता कुलपति हा शब्द कुणाच्याच पदाला उरला नाही, आणि जुन्या बातम्या वाचणाऱ्याला मात्र तो माहीत असायला लागणार.

पुण्याहून

संस्कृतातला अर्थ बघितला तर तुमच्या गुजराती काकांची बाजू जड आहे. कुलपती म्हणजे जो ऋषी दहा हजार शिष्यांना अन्नवस्त्र देऊन स्वतः शिकवतो तो, अशी जुनी व्याख्या आहे. महाभारताच्या सुरुवातीला शौनकांना कुलपती म्हटलंय, शाकुंतलात कण्वांना. म्हणजे शिकवणारा आणि आश्रम चालवणारा माणूस एकच. वर्षातून एकदा पदवीदानाला येणारा कुलपती नव्हे. उलट कुलगुरू म्हणजे घराण्याचा गुरू, रघुकुळाचे वसिष्ठ. मराठीने गुरूला कामावर बसवलं आणि पतीला मानाच्या खुर्चीवर. पण आता रुळलंय, ते बदलू नये असं मला वाटतं. आणि आणखी एक, कुलगुरू हा शब्द बाईंनाही चालतो, कुलपती म्हणताना जीभ अडखळते.

वडोदऱ्याहूनच, दांडिया बाजार

जीभ अडखळते यावरून सांगतो, आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या व्हीसीच हंसाबेन मेहता होत्या, १९४९ साली. आणि पोरी, गुजरातीतही एकच पद्धत आहे असं धरू नकोस. अहमदाबादची गुजरात विद्यापीठ, १९२० ची, तिथं गांधीजी कुलपति होते म्हणजे चॅन्सलर, आणि व्हाइस चॅन्सलरला तिथं कुलनायक म्हणतात. मला विचारशील तर कुलनायक हाच सगळ्यात चांगला शब्द. आणि शब्दांची हौस असेल तर ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ शोध कुठल्या जुन्या ग्रंथालयात. सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या शब्दांचा कोश करवून घेतला, १९३१ चा, इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली असे पर्याय. राज्यात दोन-तीन भाषा बोलणारी माणसं आहेत तर हुकूम सगळ्यांना सारखा कळला पाहिजे, यासाठी खटपट केलेली आहे ती. तुझी अडचण नव्वद वर्षांपूर्वी या गावाला माहीत होती.

मूळ प्रश्न विचारणारी

काका, खूप आभार, कोश शोधतेच. पुण्याच्या काकांचं ‘शिकवणारा आणि चालवणारा एकच’ हे वाचलं आणि मला माझ्या दुसऱ्या शब्दाचं उत्तर पण तिथंच सापडलं असं वाटतंय, जरा लांब लिहितेय.

१८५७ ला मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं निघाली ती लंडनच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन डिग्री द्यायची. आपलं बडोदा कॉलेज सुद्धा मुंबईला जोडलेलं होतं. मग कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या १९१७ ते १९ च्या सॅडलर कमिशनने म्हटलं की विद्यापीठाने स्वतः शिकवावं, एका जागी, आणि त्यानंतर ढाका, लखनऊ अशी निघाली. आपली १९४९ ची पण त्याच जातीची, संलग्न कॉलेजं नाहीत, फॅकल्ट्या आहेत. म्हणून मी साधं ‘शिकवणारं विद्यापीठ’ लिहिणार, आणि दुसऱ्याला ‘परीक्षा घेणारं विद्यापीठ’. समोरासमोर ठेवले की दोन्ही लगेच कळतात. ‘एकात्म विद्यापीठ’ पण वापरतात पण ते ऐकून कुणाला काही उमजत नाही.

आणि हा फरक नुसता नावाचा नाहीये. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाची सिनेट म्हणजे गावोगावचे प्राचार्य, संस्थाचालक, पदवीधर यांना एकत्र बसवायची जागा. शिकवणाऱ्या विद्यापीठात ज्याने सकाळी वर्गात शिकवलं तोच दुपारी अभ्यासक्रमाच्या बैठकीत बसलेला असतो, प्रश्न असतो की त्याचा शब्द किती चालणार. त्यामुळे महाराष्ट्राच्या कायद्यातले शब्द उचलून इथं चिकटवले की अर्थ सटकतो. डीनचंच बघा. तिकडे अधिष्ठाता म्हणजे अनेक कॉलेजांमधल्या एका विद्याशाखेचा प्रमुख. इथं डीन म्हणजे त्या बिल्डिंगमधल्या खोलीत बसणारा माणूस, ज्याच्या दारावर पोरं टकटक करतात. फॅकल्टी सुद्धा पुण्यात माणूस असतो, ‘क्लासची फॅकल्टी छान आहे’, आणि आपल्याकडे ती जागा असते, ‘मी फॅकल्टीवर आहे, घुमटाखाली ये’.

आता खरा अडथळा. २०२३ मध्ये गुजरातने अकरा विद्यापीठांना एकच कायदा केला, इथं सगळे कॉमन ॲक्ट म्हणतात, आणि १९४९ चा आपला स्वतंत्र कायदा गेला. सिनेट-सिंडिकेट गेल्या, बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं ‘सिनेट बरखास्त झाली’. चूक. बरखास्त म्हणजे ही सभा मोडली, पुढची निवडून येईल. इथं सभाच राहिली नाही, म्हणून ‘सिनेट रद्द झाली’ असंच पाहिजे. मग बोर्ड ऑफ मॅनेजमेंटला मी ‘व्यवस्थापन परिषद’ लिहिलं, महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यातला तयार शब्द. पण तिकडे व्यवस्थापन परिषदेच्या सोबत अधिसभा, म्हणजे सिनेट, आहे, निवडून आलेली माणसं तिथं बजेटवर प्रश्न विचारतात. पुण्याचा वाचक माझा शब्द वाचून म्हणणार, अरे आमच्यासारखंच आहे की. तसं नाहीये! बाबा सांगायचे, सिनेटमध्ये भांडणं व्हायची, वेळ जायचा, राजकारण पण यायचं, ते मी लिहिणारच आहे. पण रजिस्टर्ड ग्रॅज्युएट, म्हणजे नाव नोंदवलेला पदवीधर, म्हणून सिनेटच्या निवडणुकीत मत द्यायला त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे हेही खरं आहे, आणि तो दरवाजा बंद झाला हे माझ्या शब्दावरून कळलं पाहिजे. शिकवणाऱ्यांना आपल्याच विद्यापीठात निवडून देता येत नाही ही मला वाईट गोष्ट वाटते आणि गुळगुळीत शब्दाने ती झाकली जाऊ नये.

पुण्याहून

पटलं. मग ‘व्यवस्थापन मंडळ’ लिहा, परिषद नको, आणि पहिल्यांदा येईल तिथं कंसात नको, वाक्यातच सांगा की याच्या जोडीला अधिसभा नाही. गव्हर्नन्सला ‘प्रशासन’ लिहू नका हो, प्रशासन म्हणजे कुलसचिवांचं ऑफिस, फायली, पगार. कोणी ठरवायचं याला तुमचा ‘कारभार’च योग्य.

मूळ प्रश्न विचारणारी

हो, कारभारच ठेवते, शीर्षकातही. कुलपती शब्द लेखातून पूर्ण काढला. व्हाइस चॅन्सलरला कुलगुरू, आणि चॅन्सलरला चॅन्सलरच, कारण आपल्याकडे ते गायकवाड घराण्यातले असत, राज्यपाल नव्हेत, आणि कुलाधिपती लिहिलं तर मावशी परत फोन करेल. काका, दांडिया बाजारात कोशाची प्रत कुणाकडे असेल तर कळवा, रविवारी येते.