‘अटॅक एअरक्राफ्ट’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न
एका लेखाचं भाषांतर करतेय. अमेरिकेचं ए-१० हे ‘क्लोज एअर सपोर्ट’साठी बनवलेलं ‘अटॅक एअरक्राफ्ट’ आहे, असं मुळात वाक्य आहे. मी ‘निकट हवाई साहाय्य देणारं लढाऊ विमान’ लिहिलं, पण मनाला पटत नाही.

प्रतिसाद १
‘लढाऊ’ नको. वर्तमानपत्रं सरसकट लिहितात, पण तो शब्द फायटरसाठी, म्हणजे आकाशात दुसऱ्या विमानाशी भिडणाऱ्यासाठी राखून ठेवावा. ए-१०चं लक्ष्य जमिनीवर असतं, मुख्यतः रणगाडे. नाकात सात नळ्यांची ३० मिमी तोफ, मिनिटाला ३,९०० गोळे सोडणारी. संथ आणि खालून उडायचं म्हणजे खालून मार बसणारच, हे धरून वैमानिकाभोवती टायटॅनियमचं कवच घातलंय.

‘हल्लेखोर’ही नको, तो गुन्ह्याच्या बातमीतला शब्द. आपण तोफांचा मारा म्हणतोच, मग सरळ ‘मारा विमान’ म्हणा. रशियन भाषेत अशा विमानाला ‘श्तुर्मोविक’ म्हणतात. त्यातलं ‘श्तुर्म’ म्हणजे तटावर चढवलेला निकराचा हल्ला, आपला सुलतानढवा! असा जिवंत शब्द आपल्याकडेही रुळावा असं फार वाटतं.

प्रतिसाद २
‘मारा विमान’ आवडलं. माझी अडचण ‘निकट’ची आहे. ते वाचून विमान जवळ आहे असं वाटतं. खरं तर शत्रू आपल्या सैनिकांच्या इतका जवळ असतो, की खालच्या तुकडीशी ताळमेळ ठेवूनच मारा करावा लागतो. ५ डिसेंबर १९७१ला लोंगेवालाची चौकी २३ पंजाबच्या जवानांनी रात्रभर धरून ठेवली आणि उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडली. हंटर जन्माने फायटर, पण त्या सकाळी त्याने मारा विमानाचं काम केलं. अशा मदतीला बखरीतला ‘कुमक’ शब्द शोभतो: ‘हवाई कुमक’.

मूळ प्रश्नकर्ती
कुमक सुंदर आहे, पण आजच्या वाचकाला विमानातून सैनिक उतरवले असं वाटेल. म्हणून पहिल्यांदा ‘आघाडीवरच्या तुकड्यांना हवाई माऱ्याची साथ देणारं विमान’ असं उलगडून लिहिते, पुढे नुसतं ‘मारा विमान’. ए-१०चं ‘वॉर्टहॉग’ हे टोपणनाव तसंच ठेवते. तो आफ्रिकेतला प्राणी, आपलं रानडुक्कर वेगळं.