आघाडी वेगळी, कोहॅबिटेशन वेगळं

गोव्यातल्या २०१७च्या सरकारला काही जण ‘कोहॅबिटेशन’ (एकमेकांच्या विरोधी गटांतल्या राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानांना एकत्र कारभार करावा लागणं) म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ती सरळसरळ आघाडी होती. ४० जागांत काँग्रेसच्या १७, भाजपच्या १३. तरी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांना जोडून पर्रीकरांनी बहुमत जमवलं. सगळे एकाच मंत्रिमंडळात, राजीखुशीने.

कोहॅबिटेशनमध्ये राजीखुशी नसते. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष आणि राष्ट्रीय सभा (संसदेचं कनिष्ठ सभागृह), दोन्ही लोकच निवडतात, पण वेगवेगळे. पूर्वी राष्ट्राध्यक्षांची मुदत ७ वर्षं, सभेची ५. मध्येच कौल फिरायचा आणि सभेत विरोधकांचं बहुमत यायचं. १९८६ मध्ये समाजवादी राष्ट्राध्यक्ष मित्तराँना उजव्या गटाच्या शिराकना पंतप्रधान नेमावं लागलं आणि शब्द रूढ झाला. त्याच वर्षी खासगीकरणाच्या अध्यादेशावर मित्तराँनी सहीच केली नाही. शेवटी शिराकना तो विषय संसदेत नेऊन कायदा करून घ्यावा लागला. असं आघाडीत कुठे घडतं? (२००० च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षांची मुदतही ५ वर्षं झाली.)

आणि हो, राज्यपाल-मुख्यमंत्री वादालाही कृपया हे नाव देऊ नका. आपला राज्यपाल नेमलेला असतो, त्याच्यामागे मतदारांचा कौल नसतो.