पुडीनं हार्ट वाचत नाही हो!

टिळकवाडीकर: काल कुणीतरी पोस्ट टाकली, दर आठवड्याला ६० हजार युनिटची व्हिटॅमिन डी-ची पुडी दुधातून घ्या, हार्ट, किडनी, टीबी काही जवळ फिरकत नाही. खाली हात जोडणाऱ्यांची रांग! अहो, अमेरिकेत २५,८७१ लोकांवर पाच वर्षं तपासलं, रोज २००० युनिट. २०१८ ला निकाल आला, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. हृदयविकारवाल्यांचं डी कमी दिसतं हे खरं, पण आजारी माणूस घरातच बसून असतो, ऊन लागणार कुठून?

निपाणीची लेक: त्या अमेरिकनांचं डी आधीच बरं होतं, ते का गाळलंत? माझ्या आईनं बिड्या वळण्यात जन्म काढला. मांडीवर सूप, उंबऱ्याच्या आत. रक्तात डी निघालं ७, फारच कमी. पुड्या दिल्या, आता बाजाराला चालत जाते. तुमचा अभ्यास तुम्हाला लखलाभ.

टिळकवाडीकर: ताई, हाडांना फायदा होतो, कोण नाही म्हणतंय? डी कमी असलेलेच हवेत ना? मंगोलियात शाळेच्या पोरांना तीन वर्षं दिलं, बहुतेकांचं कमीच होतं. टीबीचा संसर्ग न दिलेल्या पोरांएवढाच.

खानापूरवाला: आमच्याकडं जूनपासून चार महिने अंगणात शेवाळ, ऊन कसलं. पण पुडीचं राहू दे, किडनी गेली तर जायचं कुठं ते बोला! महाराष्ट्रानं २०२३ ला सीमेवरच्या ८६५ गावांना मोफत उपचारांची फुले योजना दिली, तर इकडच्या कर्नाटक सरकारला मिरच्या झोंबल्या.

शहापूरची वहिनी: झालं! व्हिटॅमिनमध्ये पण सीमाप्रश्न.

खानापूरवाला: वहिनी, तुमच्या दाराशी मोठी हॉस्पिटलं आहेत. जंगलातल्या गावातनं रात्री पेशंट आणून बघा एकदा.

निपाणीची लेक: आम्हाला कोल्हापूर जवळ, तरी योजनेचं कार्ड घेऊन गेलं की पहिला प्रश्न, "कर्नाटकचे काय?"

शहापूरची वहिनी: मग तिकडंच राहायला जा की!

खानापूरवाला: तोंड सांभाळून. गाव आमचं आहे.

चिकोडी अण्णा: भांडा निवांत. किडनीचं ऐका तेवढं. डी-ला कामाचं रूप देते ती किडनीच. ती थकली की साध्या पुडीवर भागत नाही, वेगळं औषध लागतं, तेही डॉक्टरनं रक्त तपासून ठरवायचं. आमच्या मामांनी आठवड्याची पुडी रोज खाल्ली, लवकर गुण यावा म्हणून. ओकाऱ्या, रक्तात कॅल्शियम वर, किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वर. चांगली किडनी अडचणीत आणली.

निपाणीची लेक: बरं बाबा, आईला हार्टसाठी नाही, गुडघ्यासाठी देते. झालं समाधान? डॉक्टरच्या चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" लिहिलंय, आम्हाला वाचता येतं.

खानापूरवाला: आणि कार्डाचं?